होडी अजून लागली न्हाय

सोहार, ओमान
५ नोव्हेंबर, बुधवार

सुचिता,

वर ‘प्रिय ताईस’ लिहून खोडलं, म्हणून हा दुसरा कागद. तीन वर्षांनी लिहितोय आणि तेही ख्यालीखुशालीला नाही. एकच विचारायचं आहे. शनिवारी दोनच्या बातम्यांत ‘बुडाली’ हा शब्द तुझ्या तोंडातून निघाला कसा?

‘मुरुडजवळ मच्छीमार होडी बुडाली, चौघे बेपत्ता.’ इथे तेव्हा साडेबारा वाजतात, कोल्ड स्टोरेजची जेवणाची सुट्टी. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला होता. तुझ्या बातम्या मी बघत नाही. माझ्या खोलीत रेवदंड्याचा प्रज्योत असतो, तो बघतो. सांगायचं काय, तू होडीचं नाव वाचलंस. चंदरकाकाची होडी, सख्ख्या काकाची! पापणी हलली नाही तुझी. लगेच ‘आता पाहूया पुढची बातमी’ बोललीस आणि हसलीस.

आपल्या घरात तो शब्द चालत नाही हे तुला मी सांगायचं? बाबा दर्यावरून आले नाहीत तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. जेट्टीवरून पळत आलीस, घोट गिळलास आणि बोललीस, “आये, बाबांची होडी अजून लागली न्हाय.” चौदा वर्षं झाली, ती अजून लागायचीच आहे. आय अजून हिरवा चुडा घालते आणि कोणाची तिला काही बोलायची छाती होत नाही. टीव्हीवर बसायला लागलीस तेव्हापण तू हे पाळायचीस. समोर लिहून यायचं ‘बुडाली’, तू वाचायचीस ‘अजून किनाऱ्याला लागलेली नाही’. साहेब ओरडला होता त्यावरून, अख्ख्या कोळीवाड्याला माहीत आहे. म्हणून तर बायका तुझ्याच बातम्या लावायच्या. सुची ‘लागली नाही’ बोलली की दर्यावर गेलेल्याचाही भात टोपात घालायच्या. मग तीच सुची ‘बुडाली’ बोलली, तर त्यांनी काय समजायचं? हिला आतली पक्की खबर असणार, हेच ना?

मनुकाकीने शनिवारी दुपारी उंबरठ्यावर हात आपटून चुडा फोडला. वाऱ्यानं मुरुडची लाईट शनिवार-रविवार गेलेली होती, दोन दिवस ती बिनदिव्याच्या घरात बसून. आणि सोमवारी काका आला! मशीन बंद पडलेलं, वायरलेस मेलेला, वाऱ्यानं ढकलत ढकलत होडी हरिहरेश्वराच्या खाली नेली होती. किनाऱ्याला वाहून आले ते नुसते दोन ड्रम आणि एक फळी, त्यावरून ही बातमी. चौघेही जिवंत. काका घरी आला तर दारात बायको उघड्या कपाळानं उभी.

आता त्याच्या होडीवर कोणी खलाशी चढत नाही. ज्याच्या नावानं चुडा फुटला त्याच्याबरोबर दर्यात कोण जाणार? ऐन सीझनला होडी वाळूत आहे. काकी मागल्या दारानं जाते-येते. आय म्हणते, “चौदा वरसं मी माझं हात रिकामं केलं न्हाय, आणि माझ्या पोरीनं माझ्या जावेचं हात फोडलं.”

तुझ्यावर माझा संशय आहे, स्पष्ट लिहितो. तीन वर्षांपूर्वी बंदी असताना लायटी लावून मासे मारणाऱ्या होड्या तू टीव्हीवर दाखवल्यास. खबर तुला कोणी दिली होती कोणास ठाऊक. मी ज्या होडीवर होतो ती पकडली, माझं काम गेलं, तुला मात्र खुर्ची मिळाली. वाड्यानं तुला बोल लावले, मीही लावले. त्याचा सूड उगवतेस काय आता? कारण रविवारी दोनला बघतो तर परत तूच, तीच मोरपंखी साडी, तेच हसू. जसं काही झालंच नाही. आयनं तुझ्या तोंडावर दार लावलं म्हणे. बरं केलं.

मोबाईलवर विचारलं तर टाईप होऊन येतं, ‘मी ठीक आहे, कामात आहे.’ तुझा मोबाईल कोण हाताळतं काय भरवसा, म्हणून कागद. उद्या माझ्याबरोबर कामाला असलेला फैझान सुट्टीवर मुरुडला निघालाय. मुंबईला चॅनलच्या ऑफिसात येऊन तो तुझ्याच हातात देईल. तूपण येणाऱ्याच्या हाती सुक्या कोळंबीचे सोडे पाठवतेस, ते मी प्रज्योतला देऊन टाकतो. मी खात नाही.

उत्तर दे.

रतन


सोहार
१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुचिता,

फैझानच्या घरी त्याच्या बहिणीचं, अनमचं लग्न आहे. तो अजून मुंबईला गेलेला नाही, म्हणजे माझं पहिलं पत्र त्याच्या बॅगेतच. हे दुसरं इथल्याच कैसच्या हाती देतोय, तो उद्या निघालाय. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच. त्यात शिव्या आहेत, यात नाहीत.

आधी एक खरं सांगतो. बातम्या प्रज्योत बघत नाही. मी बघतो. तीन वर्षं, रोज साडेबाराला. सोडेही मीच खातो.

आठवडाभर तुला चोरावर नजर ठेवावी तसा बघतोय. ‘आता पाहूया’ बोलताना तुझ्या उजव्या कानावरची बट खाली येते, मान जराशी हलते, बट मागे जाते. सोमवारी तसंच. मंगळवारी तसंच. बुधवारी प्रज्योतला बोललो, “बघ, आता बट पडणार.” पडली. तो म्हणाला, “ज्योतिषी झालास काय रे? बहिणीच्या बटा कसला मोजतोस, सुरमया मोज, फोरमन बोंबलतोय तिकडं.”

मला वाटलं, जुनं रेकॉर्डिंग लावतात. पण बातमी आजची असते. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आजचा अपघात कुठून येणार? मग वाटलं, तुझ्यासारखी दिसणारी दुसरीच बाई बसवली असेल. पण तुझ्या डाव्या अंगठ्याला शिंगाळा माशाचा काटा गेलेला, त्याचा डाग. बोटांनी ताणून चित्र मोठं करून बघितलं. डाग आहे, जागच्या जागी आहे.

सगळं आहे. मग नाही काय? तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली. काल भात कालवताना सापडलं. घोट नाही.

वाईट सांगायच्या आधी तू घोट गिळतेस. बाबांचं सांगितलंस तेव्हा गिळलास. माझा नववीचा निकाल घेऊन आलीस तेव्हापण घोट, आणि मग, “रत्न्या, नापास रे.” टीव्हीवरही गिळायचीस, मला कळायचं आता काहीतरी वाईट येणार. आता टीव्हीवर दिसते हिच्या गळ्यातून काहीच खाली उतरत नाही. घाटात बस पडली, सहा गेले सांगते आणि तशीच क्रिकेटवर जाते. खोकत नाही. पाणी पीत नाही. सकाळी सातला ती, दोनला ती, संध्याकाळी सहाला ती, रविवारीसुद्धा ती. तुझी सुट्टी कधी असते?

मग मी परीक्षा घेतली. मोबाईलवर विचारलं, बाबांच्या होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, काय रंगवलेलं होतं? दोन मिनिटांत टाईप आलं, ‘मोर. शेपटी तू रंगवलेली, वाकडी.’ शेपटीचं तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणजे मोबाईल तुझ्याच हातात आहे. मी लिहिलं, मग फोन कर, तोंडानं बोल. वाचलंस, निळ्या खुणा आल्या. फोन आला नाही.

मोबाईलवर तू आहेस आणि टीव्हीवर नाहीस. हे कसं? कोणी तुला बोलू देत नाही काय? कोंडून ठेवलंय काय कुठे? राग राहू दे बाजूला. मला भीती वाटायला लागली आहे.

रतन


सोहार
२० नोव्हेंबर, गुरुवार

सुचीताय,

काल फैझानचा फोन आला. कैसकडचं पत्रही त्यानंच तुझ्याकडे नेलं. तुझं तुला माहीत आहे, तरी मला कसं कळलं ते लिहितो, नाहीतर लिहायला सुरुवातच होणार नाही.

तो चॅनलच्या गेटवर गेला. वॉचमन म्हणाला, “सुचिता म्याडम? त्या श्रावणापासून येत न्हाईत.” वॉचमनच्या मागे भिंतीवर टीव्ही, त्यात तू बातम्या वाचतेस. फैझान म्हणाला, “अहो चाचा, मागं वळून बघा की. ही कोण?” चाचा वळलापण नाही. म्हणाला, “ती होय. ती इथंच असते. तिला घर न्हाई.”

फैझान म्हणतो, “अल्ला कसम रतन, एसी नव्हता तिथं, तरी माझ्या अंगावर काटा आला.”

तेवढ्यात मेकअप करणारी कुबरा आत ठेवलेली स्वतःची पेटी न्यायला आलेली, तिनं फैझानला बाजूला घेतलं. “माझंपण काम गेलं, भाई. मशीनला पावडर लागत न्हाय.” तिनंच चौलचा पत्ता दिला.

पुढचं तूच त्याला सांगितलंस. चार दिवस हिरव्या पडद्यापुढं बसवलं, हस, रड, मान हलव, हजार वाक्यं वाच. म्हणाले, यावरून मशीन तुझं बोलतं चित्र बनवेल, तू कधी आजारी पडलीस तर कामाला येईल. सही केलीस. मग म्हणाले, आता यायची गरज नाही, आणि ती तू नाहीस हे तीन वर्षं कोणाला सांगायचं नाही, सांगितलंस तर कोर्टात खेचू. म्हणून घरी कळू न देता चौलला कोणाच्या सुपारीच्या वाडीत खोली घेऊन पोरांच्या शिकवण्या घेत बसलीस. आणि त्या शनिवारी मालकिणीच्या टीव्हीत तुझंच तोंड तुझ्यासमोर म्हणालं, बुडाली. दुसऱ्या दिवशी एसटी पकडून मुरुडला गेलीस. कोळीवाड्याच्या तोंडाशीच कोणी बोललं, “आली बघा बुडवणारी.” आयनं दार लावलं. तू आल्या पावली परत फिरलीस.

मी फैझानला विचारलं, “सगळं खरं, पण ती मला फोन का करत न्हाय?”

तो म्हणाला, “तूच मना केलंस म्हणे. जेट्टीवर. तुझा आवाज परत माझ्या कानावर पडायचा न्हाय, असं बोललास.”

व्हय. बोललो होतो. तू तीन वर्षं पाळलंस. आणि मी चोरून रोज साडेबाराला तोच आवाज ऐकत होतो, त्यातले शेवटचे तीन महिने तो तुझा नव्हता. आणि मला, सख्ख्या भावाला, कळलं नाही.

पत्रं वाचून तू काय बोललीस तेपण विचारलं. फैझान म्हणाला, “काय न्हाय. घोट गिळला आणि घडी घातली.” मी म्हटलं, मग ती सुचीच.

आता माझं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझ्या तोंडचा शब्द ऐकून काकीनं चुडा फोडला. लाईट नव्हती हेपण मीच लिहिलं. लाईट नव्हती तर तिनं टीव्ही कुठे बघितला, हे तू मला विचारलं नाहीस. तुझ्या ध्यानात आलंच असेल.

तिनं मला फोन केला होता. शनिवारी, बातम्या संपल्या संपल्या. मी तुला रोज बघतो हे घरात तिला एकटीलाच माहीत. म्हणाली, “बाबू, आमच्याकडं लाईट न्हाय. लोकं काय काय बोलतात. सुची काय बोलली ते मला शब्दाला शब्द सांग.” मी सांगितलं. तिनं परत विचारलं, “नीट ऐकलंस ना? लागली न्हाय, असं तर न्हाय ना बोलली?” मला म्हणता आलं असतं, काकी थांब, मी चौकशी करतो. पण तुझ्यावरचा राग होता. तू काय केलंस ते तुझ्या नावावर पडू दे, असं वाटलं. मी म्हटलं, “न्हाय काकी. बुडालीच बोलली.” फोन चालूच होता. मी बांगड्यांचा आवाज ऐकला ताय. अजून येतो कानात.

आणि लायटीची खबर. मीच दिली होती. गणपतीत घरी पडवीत बसून बढाया मारत होतो, आमच्या होडीवर किती लायटी, दर्या कसा दिवसासारखा होतो, मासा कसा खुळा होऊन वर येतो. तू वही काढलेली मी बघितली होती, तरी बोलत राहिलो, तू लिहितेस याचीच मजा वाटत होती. बातमीत तू माझं नाव घेतलं नाहीस. मी जेट्टीवर चार लोकांत तुझं घेतलं.

दोन्ही वेळा तोंड माझं आणि मार तुला.

तू कागदावर सही केलीस, तुला बोलता येत नाही. मी कुठे केली आहे सही? उद्या शुक्रवार, मला सुट्टी. आयला फोन लावतो.

रतन


सोहार
२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ताय,

हे प्रज्योतच्या हाती पाठवतोय. तो रेवदंड्याला जातोय, तिथून चौल चालत जाण्याइतकं जवळ. त्याच्या बटांच्या थट्टेबद्दल तो तुझी माफी मागणार आहे. मागू देऊ नकोस, त्यानंच मला धीर दिला.

गेल्या शुक्रवारी फोन लावला तर आय बोंबील वाळत घालत होती. काकीपण तिथेच होती, ओट्याआड. फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि एका दमात सांगितलं. आये, टीव्हीवरची सुची न्हाय. मशीन हाय. सुचीचं तोंड घेऊन मशीन बोलतंय.

आय म्हणाली, “उन्हानं फिरलं काय रं डोकं तुजं? मशीनला सुचीच्या अंगठ्याचा डाग कुठनं आला?”

“चित्र काढलंय तिचं, डागासकट. ती श्रावणापासून तिथं जातच न्हाय.”

“कोणी सांगितलं? तिनंच ना? आता अंगावर आलं म्हणून मशीन!”

मला राग आला. मी म्हटलं, “आये, मी स्वतः बघतो ना रोज! तू दार लावलंस त्या रविवारीसुद्धा दोनला मोरपंखी साडीत बातम्या वाचत व्हती.”

पलीकडे बोंबलांची टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. 

मग आय हळू म्हणाली, “रविवारी दोनला ती माझ्या दारात व्हती. स्टँडवरनं दोनची गाडी सुटली, तिचा हॉर्न वाजत व्हता आणि मी दार लावलं. पिवळा पंजाबी ड्रेस व्हता अंगावर.”

मला दार माहीत होतं, वेळ माहीत नव्हती. तिला वेळ माहीत होती, टीव्ही माहीत नव्हता, लाईटच नव्हती. आम्ही दोघं एवढे दिवस तुझ्यावर संशय घेत होतो आणि तू सुटायची गोष्ट अर्धी तिच्याकडे, अर्धी माझ्याकडे पडून होती.

“मग माजी पोर कुठं हाय?” आयनं विचारलं. रडली. मी तिला कधी रडताना ऐकलं नव्हतं.

मग मी काकीला बोलावलं आणि म्हटलं, काकी, आयला सांग, तुला तो शब्द कोणी सांगितला. काकी म्हणाली, “राहू दे रं बाबू.” तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं. काकालाही नाही. “तू एवढा लांब, एकटा. तुझ्यावर कशाला घालायचं? सुची काय, घट्ट हाय, सोसंल.” हे ऐकून मला जास्त लागलं. तू घट्ट आहेस असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय, म्हणून सगळं तुझ्यावरच. मी आयला सगळं सांगितलं, बांगड्यांच्या आवाजासकट. लायटीचंही सांगितलं. आय एवढंच बोलली, “लांब हायस म्हणून वाचलास. जवळ असतास तर सुक्या बोंबलानं बडवला असता.”

काल चंदरकाकाचा फोन होता. सकाळीच कासारीण बोलावली, सगळ्या वाड्यासमोर काकीला नवा चुडा भरला. काका म्हणतो, “या वयात परत नवरदेव झालो, शर्टपण नवा घेतला.” पहिली बांगडी आयनं स्वतःच्या हातानं चढवली. आज पहाटे होडी दर्यात गेली, चौघेही बरोबर, असं काकीनं कळवलं. आणि तुझ्या सहीचं मी आयला नीट समजावलं. बायकांना ताकीद आहे, ही गोष्ट वाड्याबाहेर जायची नाही. बाजारात ओरडून मासा विकणाऱ्या बायका आता बातम्या लागल्या की एकमेकींकडं बघतात आणि चॅनल बदलतात. तेवढंच. कोर्टाला त्यात काही सापडायचं नाही.

आयनं तुझी खोली झाडून ठेवली आहे. पण फोन करायला तिचा हात होत नाही. म्हणते, “दार मी लावलं, आता कुठल्या तोंडानं बोलवू?” आपल्या घरात सगळ्यांचा हाच रोग आहे. तूच जा. दोनच्या गाडीनं जा म्हणजे तिला हॉर्न ऐकू येईल.

आज साडेबाराला मी बातम्या लावल्या नाहीत. भात खाल्ला, तुझे शेवटचे सोडे टाकून.

मला वीस डिसेंबरपासून सुट्टी मिळाली आहे. आयला अजून कळवलेलं नाही, ते काम तुझं. ती विचारेल, रतन येतो म्हणतो तो खरंच येतो काय. तीन वर्षं मी दर वेळी येतो म्हणालो आणि आलो नाही. तर तू तिच्यासमोर बस, घोट गिळायचा तर गीळ, आणि सांग, रतन अजून लागला न्हाय.

टाईप करून नको. तोंडानं सांग. आणि सांगताना मला फोन लावून ठेव, मलापण ऐकू दे.

तुझा,
रत्न्या